फुलीखालचा चेहरा

सुप्रियानं कॉमिकचं पान वाळायला म्हणून दिवाणावर ठेवलं होतं, चार कोपऱ्यांवर चार संत्री ठेवून. दुकानातून आलेल्या सागरनं चपला काढता काढता ते पाहिलं आणि आधी त्याला बरंच वाटलं. नदी भरून झाली होती, पुलाखालची कमान भरून झाली होती, दोन्ही काठांवरच्या माणसांच्या सावल्या अगदी टोकापर्यंत भरल्या होत्या. सुप्रियाचा हात आता असा बसला होता की ब्रश रेघेच्या बाहेर जाणं सोडाच, रेघेला धक्कासुद्धा लागत नसे. मग त्याची नजर खालच्या मोठ्या चौकटीवर गेली. तिथलं तोंड तसंच होतं. पेन्सिलीनं काढलेलं, त्यावर त्याच्याच हातची लहानशी फुली, आणि आजूबाजूला सगळं काळंभोर असताना तेवढी जागा मात्र कोरी. शाईचा थेंब म्हणून नाही. एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत तो उभा राहिला. पण माणूस स्वतःची समजूत घालण्यात मोठा पटाईत असतो. विसरली असेल, गॅसवर दूध असेल, शेजारीण आली असेल, असं सगळं त्याचं मनातल्या मनात बोलून झालं, मग तो सैपाकघराकडे तोंड करून शक्य तितक्या सहज म्हणाला, "एक जागा राहिली वं."

"राहिली नाही," आतून आवाज आला. "ठेवली."

आणि थोड्या वेळानं, भांडं ओट्यावर ठेवल्याच्या आवाजापाठोपाठ, "शेवटचं पान हाय ना हे? शेवटच्या पानावर दैत्याचं तोंड दाखवते, असं तुमीच सांगितलं होतं मले. मंग अठीबी फुली काहून?"

प्रश्न धंद्याचा होता, सरळ होता. फुली म्हणजे इथं काळं भर. ही काही सागरनं शोधून काढलेली युक्ती नव्हे, जुने कॉमिकवाले असंच करत. ज्याची सही पानावर येई तो रेघा काढायचा, जिथं अंधार हवा तिथं फुली मारायचा आणि पान पुढे सरकवायचा. पुढचा, ज्याचं नाव कधीच कुठं छापून येत नसे, तो बसून फुल्या बुजवायचा. हे सागरला फार उशिरा, फोनवर परदेशातल्या जुन्या चित्रकारांची कच्ची पानं बघताना कळलं. लहानपणी त्याला एवढंच ठाऊक होतं की कुलदीपचा अंधार दुसऱ्या कुणासारखा नसतो. पांढुर्ण्याच्या बसस्टँडला लागून शालिकरामचं भाड्यानं पुस्तकं देण्याचं खोपट होतं. दोरीवर चिमट्यांनी लावलेली हिंदी कॉमिकं, खाली अंथरलेलं पोतं, आणि तिथंच बसून वाचायची अट, कारण घरी नेलेलं पुस्तक पोरं कधी धड परत आणत नसत. त्या दोरीवर ज्या पुस्तकाच्या कोपऱ्यात 'कुलदीप' अशी तिरपी सही असेल ते सागर आधी ओढायचा. आडनाव नाही, गाव नाही, नुसतं कुलदीप. त्याचे दैत्य दलदलीतून उठायचे, गिरणीच्या राखेतून उठायचे, बुजवलेल्या विहिरीतून दोन्ही हात आधी बाहेर काढून उठायचे, आणि पुस्तकभर त्यांचं तोंड दिसायचं नाही. खांदे दिसायचे, पाठ दिसायची, मान वळायची तोवर चौकट संपायची. तोंडाच्या जागी नुसता दाट, ओला वाटणारा अंधार. शेवटच्या चौकटीत मात्र तोंड दिसायचं, आणि पोतं अडवून बसलेली बाकीची पोरं हिरमुसायची, कारण ते भेसूर नसायचंच. ते रडवेलं असायचं. सगळ्या गावानं मशाली घेऊन मागं लागल्यावरही आपलं नेमकं काय चुकलं हे न समजलेलं. पोरं पुस्तक टाकून दुसरं ओढायची. सागर तिथंच बसून राहायचा, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्या छापील गालावर बोट ठेवायचा. एकदा शालिकरामनं पाहिलं तेव्हा तो ओरडला, "हात काय लावून राहिला बे, पान मळते!"

तर त्या कुलदीपला नमस्कार म्हणून सागर कॉमिकं काढत होता. दिवसा विनोदभाऊच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायचं, आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून फ्लेक्सला मरण नव्हतं. गावात जितके खांब तितके भावी कोणीतरी. वाढदिवसाला हसरा फोटो, श्रद्धांजलीला तोच हसरा फोटो आणि बाजूला दोन दिवे. सागर यंत्रासारखं सगळं लावून द्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीपाशी पाट घेऊन बसायचा. आजवर त्याची दोन पुस्तकं झाली होती आणि दोन्हींत तोंड शेवटपर्यंत झाकलेलंच राहिलं होतं; तिसऱ्यात मात्र कुलदीपसारखं शेवटी ते दाखवायचं ठरलं होतं. पहिल्यात जिनिंगच्या गोदामात कापसाच्या ढिगातून एक प्रचंड मऊ काहीतरी उठतं. दुसऱ्यात तिगावच्या रुळाजवळ गाडीखाली आलेल्या सगळ्या जनावरांचं मिळून एक जनावर होतं आणि ते रोज फाटकाशी येऊन उभं राहतं. नागपूरला मयूर नावाचा मित्र होता, तो ही पुस्तकं थोड्या प्रती छापून प्रदर्शनात टेबल मांडून विकायचा. चार शौकीन लोक येत, कुलदीपची आठवण काढत, पुस्तक घेऊन जात. कुणी कुणी म्हणत, तुमच्या कुलदीपनंही परदेशातलं बघूनच काढलं. असेल, सागर म्हणे. म्हणजे नमस्काराला नमस्कार, त्यात वाईट काय? आता तिसरं पुस्तक, जाम नदीच्या डोहातलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची जत्रा ऐन रंगात आलेली, नदीच्या मधोमध पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा, इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव दगड फेकत असताना पाण्यातून ते वर येतं. आणि दोन्ही गावं पहिल्यांदाच एकमेकांना सोडून एकाच दिशेनं दगड मारायला लागतात. गोष्ट सुचली तेव्हा सागर खूश झाला होता. मयूर तर फोनवर ओरडलाच होता. उद्या पानं छापायला जायची होती, एवढं एकच पान बाकी होतं, आणि मयूरचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते.

दुसरी चप्पल काढून तो दिवाणाच्या कडेवर बसला. फुली काहून? हातून चुकून पडली म्हणावं, तर तशी फुली चुकून पडत नाही. तो पेन्सिल खाली ठेवण्याआधी हाताला लागलेल्या सवयीनं पडली होती, आणि सवय मोडायचं हे पान होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण त्याहून अडचणीचा प्रश्न दुसरा होता आणि तो सुप्रियानं विचारला नसला तरी तिथं पानावर उघडा पडलेला होता. जिथं काळंच भरायचं तिथं खाली चेहरा काढतं कोण? बाहेरची रेघ ओढायची, फुली मारायची, मोकळं व्हायचं. कुलदीपनंही तेच केलं असणार. सागर मात्र दर वेळी आख्खं तोंड काढायचा. पापण्या, नाकपुड्या, ओठांचे कोपरे, सगळं. त्याच्यापाशी त्याचं कारण तयार होतं. आत काय आहे हे हाताला माहीत असल्याशिवाय बाहेरची सावली खरी पडत नाही, असं तो मयूरला एकदा मोठ्या ऐटीत म्हणाला होता. मयूरनं ते कुठंतरी लिहूनही टाकलं होतं.

सुप्रिया चहा घेऊन आली. त्याच्यासमोर कप ठेवला, आपला घेऊन खाली भिंतीला टेकून बसली. तिच्या बोटांच्या पेरांवर शाई होती. ती चहा पिऊ लागली. आणि सागरला एकदम ती पहिली दुपार आठवली, जेव्हा तिच्या बोटांना पहिल्यांदा शाई लागली होती. ती माहेरून परत आली होती आणि बोलत नव्हती. रुसून बोलत नाही तसं नव्हे. तिच्यापाशी बोलणंच उरलं नव्हतं. जेवायला वाढायची, कपडे वाळत घालायची, आणि मग ह्याच भिंतीला टेकून बसायची. तो आंघोळीला गेला होता, पाट खिडकीशी तसाच होता. परत आला तर ती पाटावर वाकलेली. ब्रश हातात. कापसाच्या गोदामाच्या दारावर फुली होती, ती तिनं बुजवली होती, आणि आता पुढच्या चौकटीतली बुजवत होती. तो दाराशीच थांबला, डोक्यावरचं पाणी पाठीवर ओघळत होतं. तिनं वर न बघता विचारलं होतं, "अशीच भरायची ना?" कित्येक आठवड्यांतलं तिचं ते पहिलं वाक्य. त्याला त्या क्षणी कुलदीपचे, शालिकरामचे, शाई बनवणाऱ्या कंपनीचे, सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले होते. त्यानंतर त्या घरात बोलणं परत आलं ते ह्या फुल्यांच्या वाटेनं. इथं किती पातळ करू, हे दोन थर लागन, तुमची रेघ अठी तुटली. लोकांच्या घरात नवरा-बायको भाजीवरून बोलतात. हे दोघं अंधारावरून बोलत.

आणि तरीही त्या पहिल्या दुपारी ती ज्या चौकटीवर वाकली होती तिच्यात, फुलीखाली, तेच तोंड होतं. हे त्याला आता, चहाचा कप हातात धरून, पहिल्यांदा नीट कळलं. कापसातलं असो, रुळावरचं असो, डोहातलं असो. धडं वेगवेगळी, आणि तोंड एकच. तिच्या हातानं ते काळं करवून घेतलं होतं. एकदा नव्हे, पानोपानी.

पोरगी जन्मली तेव्हाच गेलेली होती. पोटात असतानाच डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं की डोक्याचं हाड वरून झालंच नाही, हे असं कधी कधी होतं, कुणाची चूक नाही. हे शेवटचं ती पुन्हा पुन्हा म्हणाली होती, आणि चूक नसल्याचं इतक्यांदा ऐकून सागरला उलट कोणाची तरी असेल असं वाटू लागलं होतं. मग ती मोठ्या दवाखान्यातली सकाळ. आत सुप्रिया, बाहेर तो, सुप्रियाची आई प्रमिलाबाई, वडील सुखदेवबाबा, आणि तिच्या माहेरच्या बोरगावाहून आलेल्या दोन मावश्या. आईला दाखवायचं नाही, हे कुणी ठरवलं असं नाही. ते ठरलेलंच होतं. प्रमिलाबाई म्हणाल्या, पायलं तर जीव अडकते, मंग सुटत नाही. मावश्यांनी माना डोलावल्या. सिस्टरनं त्याच्याकडे बघितलं, कारण बाप तो होता, आणि त्यानं पण मान डोलावली. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. सगळ्यांना सुप्रियाला वाचवायचं होतं, आणि वाचवायची एवढीच रीत त्या सगळ्यांना माहीत होती. हिरव्या कपड्यातलं ते गाठोडं त्याच्या हातात आलं तेव्हा ते इतकं हलकं होतं की त्यानं घाबरून ते छातीशी घट्ट धरलं. टेंपोत बसताना सुखदेवबाबांनी आणा म्हणून हात पुढे केला आणि गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं. सौसरपर्यंत सागर बाहेरच बघत होता. मांडीवरच्या गाठोड्याकडे त्याला बघवेना. बोरगावच्या नाल्याकाठी, जिथं लहान लेकरं पुरतात, तिथं खड्डा तयार होता. सुखदेवबाबा खड्ड्याची माती सारखी करायला वाकले तेव्हा सागरनं कपडा बाजूला केला.

कपाळ नव्हतं. भुवया असायला हव्यात तिथं चेहरा संपत होता. डोळे मिटलेले, पण फार मोठे, बाहेर आलेले, त्यामुळं ती झोपेतही कशानं तरी दचकल्यासारखी वाटत होती. त्याखालचं सगळं बाळासारखं बाळ. वरच्या ओठावर पांढरं काहीतरी लागलं होतं, ते त्यानं अंगठ्यानं पुसलं. किती वेळ बघितलं ते त्याला सांगता आलं नसतं. घाबरलो होतो का, असं त्यानं नंतर स्वतःला अनेकदा विचारलं, आणि खरं उत्तर हो असंच होतं, आणि दुसरं तितकंच खरं उत्तर असं होतं की कपडा परत झाकायला त्याचा हात उचलत नव्हता. मग सुखदेवबाबा म्हणाले, "आना जवाई," आणि त्यानं झाकलं. म्हाताऱ्यानं भरल्या आवाजात त्रिशरण म्हटलं. दोघांनी हातांनीच माती लोटली. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळं कुणाचं म्हणून काही म्हणायचं नव्हतं.

मग सुप्रियाला दूध उतरलं. कुणाला विचारून उतरत नाही ते. प्रमिलाबाईंनी तिची छाती लुगड्याच्या पट्ट्यांनी घट्ट बांधली, आणि ती बांधलेल्या छातीनं, तापल्या अंगानं वाकळीवर पडून आढ्याकडे बघत असायची. सागर भेटायला जायचा तेव्हा ती त्याच्याकडे बघायची. नुसतं बघायची. आज त्याला वाटलं, ती तेव्हाच विचारत होती. त्याच दिवसांत हँडपंपावर त्यानं ते ऐकलं. भिंतीच्या पलीकडं दोन बाया होत्या, त्यांना तो दिसत नव्हता. "सुखदेवच्या पोरीले राकस झालं म्हनते." "म्हनून तर कोनाले दाखोलं नाही." आवाजात द्वेष नव्हता, नुसती उत्सुकता, उद्या गवारीच्या भाजीबद्दलही त्या तशाच बोलल्या असत्या. सागर भिंतीच्या अलीकडं बादली धरून उभा राहिला. जाऊन दोन शब्द सुनावावेत एवढंही त्याच्यानं झालं नाही. पांढुर्ण्याला आल्यावर त्यानं माळ्यावरून जुना पाट काढला, कागद लावला आणि कितीतरी वर्षांनी दैत्य काढायला घेतला. कुलदीपला नमस्कार, असं पहिल्या पानावर लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तो खरोखरच कुलदीपला नमस्कार करत होता. फक्त कुलदीपचं तोंड त्याला आठवेना, काढायला गेलं की हे यायचं, आणि आलं की हात आपोआप फुली मारायचा.

"चाय थंड होऊन राहिला," सुप्रिया म्हणाली.

त्यानं एक घोट घेतला. मग फोन वाजला. मयूरचा. तो वाजत राहिला आणि दोघंही त्याच्याकडे बघत राहिले, थांबेपर्यंत.

"सुप्रिया, मी..."

"मले पयल्या पुस्तकापासून मालूम हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळं त्याला जास्त भीती वाटली. "आधी वाटे, असंच असन, यायच्या डोक्यातलं. मंग दुसऱ्या पुस्तकातबी तेच निंघालं. भरायच्या आधी मी बघत जाओ. एकेक घंटा बघत जाओ. तुमी दुकानात राहा तवा. मंग भरून टाको." कप तिनं बाजूला ठेवला. "अठी त्याले उघडं ठेवायचं होतं म्हणून मी वाट पायत होती. शेवटचं पान येऊ दे, म्हटलं. तवा तर दाखोतीन. तर तुमी अठीबी फुली मारली."

सागरला तिच्याकडे बघवेना. एकेक तास. तिनं आपल्या लेकीला बघून घेतलं होतं, चोरून, स्वतःच्याच घरात, आणि मग नवऱ्यानं फुली मारली म्हणून स्वतःच्या हातानं झाकलं होतं. आणि झाकताना रेघेच्या बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्याला रडू येत होतं, पण आधी लाज येत होती.

"तिचंच हाय ना?" तिनं विचारलं. "एकदा तोंडानं सांगा. मले कोनीच काही सांगितलं नाही."

"हो," तो म्हणाला. "तिचंच हाय."

सुप्रियानं मान हलवली, जणू कुणी तिला तिच्या घराचा पत्ता विचारून खात्री करून घेतली होती. बाहेर रस्त्यावरून संत्र्याचे क्रेट भरलेला ट्रक गेला आणि खिडकीची काच हलली. ती उठली, कोपऱ्यांवरची संत्री उचलून टोपलीत टाकली, पान पाटावर लावलं आणि पाट त्याच्यापुढं ठेवला. "फुली खोडा," ती म्हणाली. "अन् शाईनं काढा. जसं होतं तसं. मले बरं वाटावं म्हणून काही करू नका, कपाळ-गिपाळ लावू नका."

त्यानं रबर घेतलं. फुली निघाली, तिच्या जागी थोडा चट्टा राहिला. मग त्यानं ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक केलं, आणि कागदापाशी नेऊन थांबला. सुप्रियानं त्याच्या मनगटाखाली आपली मूठ आधाराला दिली. फ्लेक्सवर मेलेल्या माणसांचे चेहरे उजळ करताना त्याचा हात कधी असा थांबला नव्हता. त्यानं आधी डोळे काढले, मिटलेले, मोठे. जिथं चेहरा संपतो ती रेघ काढली आणि तिथं थांबला. तिचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता. नाक, ओठ, गाल. खालपर्यंत आला. आधी इथं हात न अडखळता जायचा, कारण काळं व्हायचं होतं. आता प्रत्येक रेघ राहणार होती. काढता काढता तो बोलू लागला, विचारलं नसताना. ओठावर काय लागलं होतं, त्यानं ते कसं पुसलं, कपडा हिरवा होता, केस मानेवर होते थोडे, काळे, ओले, हात पाहायचे राहून गेले. "हात पायले नाही मी," तो म्हणाला, आणि तिथं त्याचा बांध फुटला. सुप्रियानं पाट त्याच्या मांडीवरून काढून आपल्याकडं घेतला, शाईवर पाणी पडू नये म्हणून.

ती खिडकीपाशी उजेडात बसली आणि बघू लागली. सागर तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता किंचाळेल, आता पान उलटं करेल, जे सगळ्यांनी मिळून टाळलं होतं ते आता होईल, ह्याची तो वाट बघत होता. तसं काही झालं नाही. शेजारपाजारच्या बाया बारशाला आल्यावर पाळण्यात वाकून बघतात तशी ती वाकून बघत होती, मान एका बाजूला कलती करून. नाकावर बोट नेलं, पण टेकवलं नाही. मग ती म्हणाली, "नाक तुमचं हाय."

सागर जवळ सरकला.

"अन् हे पायलं का तुमी?" तिचं बोट खाली आलं. "हनुवटी. हा खड्डा पाहा. आमच्या बाबावर गेली पोरगी."

त्यानं पाहिलं. सुखदेवबाबांच्या हनुवटीत खोल खळगा आहे, दाढी केली तरी त्यात चार पांढरे केस उरतातच, त्यावरून प्रमिलाबाई त्यांना चिडवतात. तोच खळगा. इतकी वर्षं, इतक्या पानांवर त्यानं स्वतःच्या हातानं काढलेला. एक लहान रेघ आणि खाली ठिपका. काढला होता, आणि दिसला नव्हता. तो आपला त्या नसलेल्या कपाळापाशीच अडकून पडला होता. कोणावर गेली, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. दुनियेतल्या कुठल्याही लेकराला लोक आधी हाच विचारतात.

"हे मयूरले देऊ नका," ती म्हणाली. "त्यायच्यासाठी दुसरं काढा, भरून देईन मी. हे घरचं हाय." मग तिनं ओढणीला हात पुसले, फोन घेतला आणि बोरगावला लावला, नेहमीसारखा स्पीकरवर टाकून. पलीकडं सुखदेवबाबा. मागं कुठं तरी मोटार चालू होती, वावरात असावेत.

"हां बोल बाई. जेवली का?"

"बाबा," सुप्रिया म्हणाली, "पोरीची हनुवटी तुमच्यावर गेलती."

कोणती पोरगी, असं म्हाताऱ्यानं विचारलं नाही. मोटारीचा आवाज येत राहिला. मग तो लांब लांब गेला, म्हणजे ते फोन घेऊन चालत दूर गेले असावेत.

"मालूम हाय, बाई," सुखदेवबाबा म्हणाले. "टेंपोत मांडीवर होती तवा हलूच पायलं होतं मी. जवाई बाहीर बघत होते." आवाज चिरकला, पण ते थांबले नाहीत. "घरी आलो अन् आरशात बघवेना मले. कोनाले सांगू म्हटलं?"

"मले सांगायचं होतं, बाबा."

"हो," ते म्हणाले. "तुलेच सांगायचं होतं."

मोटार लांबवर चालूच होती, आणि फोन कुणीच ठेवला नाही.